'वरकस'चें 'पडीक' कोणीं केलें ?

गेल्या सालीं शिमग्याच्या आदल्या आठवड्यांत, शाळा सुटण्याच्या वेळेस, साठीला टेकलेली एक विधवा बाई आमच्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. पिशवींत कागद, आणि पिशवी पदराखालीं. म्हणाली, "गुरुजी, माझ्यावर काय आलंय तें जरा वाचून सांगा." वाचकांनीं शब्द लक्षांत घ्यावा. 'माझ्या नांवानें काय आलें' असें ती म्हणाली नाहीं. 'माझ्यावर काय आलें' असें म्हणाली. आमच्याकडे माणसावर दोनच गोष्टी येतात : एक देवीचा कोप आणि दुसरा सरकारी कागद.

मीं कागद उघडला. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यांत येतें कीं, विहित मुदतींत हयात प्रमाणपत्र सादर न केल्यास आपलें अर्थसहाय्य स्थगित करण्यांत येईल व तदनंतर कोणतीही सबब विचारांत घेतली जाणार नाहीं, याची गांभीर्यानें नोंद घ्यावी, असा एकंदर मजकूर होता. तिसरीच्या पोराला ह्याचा अर्थ सांगावयाचा तर एवढाच कीं, "बाई, तुम्ही जिवंत आहां हें महिनाअखेरच्या आंत येऊन दाखवून जा, म्हणजे पैसे चालू राहतील." पण हा कागद तिनें आधीं वाडींतल्या बारावी झालेल्या दोन मुलांकडून वाचवून घेतला होता. त्यांनाही अर्थ लागला नव्हता. 'स्थगित', 'सबब' आणि 'गांभीर्यानें' एवढे तीन शब्द मात्र त्यांनीं मोठ्यानें वाचले होते. त्या तीन शब्दांनीं बाईच्या दोन रात्री नेल्या. पैसे बंद होतील ही तिची भीति नव्हती. आपल्या हातून कांहीं तरी गुन्हा घडला आहे आणि तो कोणता हें आपल्याला कळत नाहीं, ही तिची भीति होती.

अर्थ सांगतांच ती हंसली. "मग असंच लिहायचं होतं कीं !" नंतर तिनें विचारलें, "आणि ह्यांत मला निराधार म्हटलंय तें काय ?" मीं सांगितलें. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दोन लेकी आहेत माझ्या. पंधरा दिवसांनीं एक तरी येऊन जाते. शेजारीण पेज आणून देते. मला आधार नाहीं असं कोणीं सांगितलं यांना ?"

संजय गांधी निराधार अनुदान योजना वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. गरिबाच्या घरीं महिन्याला चार पैसे येतात, त्यांत चूल पेटते. पण ते चार पैसे देतांना माणसाकडून 'मला कोणी नाहीं' असें लिहून घ्यावयाचें, आणि तें दरसाल घ्यावयाचें, ह्याचा त्या माणसाच्या मनावर काय परिणाम होतो ह्याचा विचार तें नांव ठेवणाऱ्यानें केला होता काय ? त्या दिवशीं ती बाई ओट्यावर आली ती घाबरलेली होती, गेली ती खिन्न होऊन गेली. कागदांतला व्यवहार दोन्ही वेळां तोच होता. मधें जें कांहीं झालें तें शब्दांनीं केलें.

शब्दानें काय होतें, भाकरी थोडीच मिळते, असें म्हणणारे सुखवस्तु लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या घरीं कधीं असला कागद आलेला नसतो. आला तर तो वाचणारा वकील त्यांच्या ओळखीचा असतो. आमचा अनुभव निराळा आहे. जे शब्द क्वचित् कानावर पडतात त्यांच्या दोन जाती आम्हांला माहीत आहेत. एक जात कोणाच्या तोंडांत कधीं नव्हतीच. ती कचेरींत जन्मते, कागदावर राहते आणि टपालानें आमच्या दारीं येते. दुसरी जात काल-परवांपर्यंत वाडीवाडींतून नांदत होती. ती बोलणाऱ्याला कोणी तरी हंसलें, आणि ती तोंडांतून निघेनाशी झाली. पहिलीनें माणूस घाबरतो आणि दुसरी गेली कीं मुका होतो. घाबरलेल्या आणि मुक्या रयतेवर राज्य करणें फार सोपें असतें.

हा रोग नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' छापली, तेव्हां 'निबंधमाले'च्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं त्यांच्या विचारांबरोबर त्यांच्या व्याकरणाचीही यथेच्छ टिंगल केली. शेतकऱ्याच्या पाठीवरचे वळ मोजणाऱ्या माणसाच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजावयास ज्याला फुरसत होती, त्याच्या विद्वत्तेला मी येथूनच नमस्कार करतों. पुढें १८८५ सालीं रानड्यांच्या पुढाकारानें मराठी ग्रंथकारांची सभा भरली. तिचें बोलावणें जोतीरावांना आलें, तें त्यांनीं नाकारलें. ज्यांना आमचें बोलणेंच अशुद्ध वाटतें त्यांच्या बैठकींत बसून आम्हीं काय बोलावें, हा त्यांचा रोख होता, आणि तो आजही शिळा झालेला नाहीं.

कोणी म्हणेल, राज्यकारभाराची भाषा अशीच भारदस्त असावी लागते, नाहीं तर हुकुमाला वजन राहत नाहीं. त्याला मी आमच्याच जिल्ह्यांतलें उदाहरण देतों. १६७३-७४ च्या सुमारास चिपळुणाकडे छावणींत असलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनीं पत्र लिहिलें, तें उपलब्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावूं नका, दाणा-वैरण पावसाळ्यापर्यंत पुरवून वापरा, रात्रीं दिवा तसाच ठेवून निजूं नका, एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडीं उपाशी मरतील, असा त्यांतला मतलब आहे. छत्रपति आपल्या जुमलेदारांना उंदराची गोष्ट सांगतात ! त्या पत्रांत फारशी शब्द आहेत, मराठी आहेत, बाजारचे आहेत, तबेल्यांतले आहेत; ज्याला हुकूम पाळावयाचा आहे त्याला कळतील असे सर्व शब्द आहेत. त्यांच्याच आज्ञेनें राज्यव्यवहारकोशही झाला आणि त्यांत फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, हें मला माहीत आहे. दरबाराला कोश शोभला असेल. पण घोड्याची वैरण वांचवावयाची वेळ आली तेव्हां महाराजांनीं कोश उघडला नाहीं. त्या पत्राचें वजन कमी पडलें काय ?

आमच्या जिल्ह्यानें शब्दांचा दुसराही एक मोठा उद्योग पाहिला आहे. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीस स्थानबद्ध होते. तेथें त्यांनीं पतितपावन मंदिर सर्व जातींना उघडें केलें, त्याबद्दल त्यांचें श्रेय त्यांना द्यावें. तेथूनच त्यांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली आणि 'तारीख' जाऊन 'दिनांक' आला. त्यांचे कांहीं शब्द लोकांनीं आनंदानें घेतले. 'महापौर', 'चित्रपट', 'दिग्दर्शक' हे आज कोणाला परके वाटत नाहींत, आणि नवीन शब्द घडवूंच नयेत असें माझें म्हणणें नाहीं. नवा शब्द तोंडांत रुजला म्हणजे तो आपला झाला. माझें भांडण आहे तें 'अशुद्ध' ह्या शिक्क्याशीं. साखरीनाट्याच्या बंदरावर जाऊन उभे राहा. दर्या, बंदर, किनारा, जहाज, खलाशी, हंगाम, ह्यांतला प्रत्येक शब्द फारशी-अरबींतून आलेला, आणि प्रत्येक शब्द माशाच्या वासाचा, म्हणजे अस्सल आमचा ! जमीन, वारस, हक्क हेही तसेच. हे सगळे शब्द परके ठरविले तर मच्छिमाराजवळ आणि शेतकऱ्याजवळ बोलावयाला उरतें काय ? तिथल्या मुसलमान नाखव्याला त्याच्याच बंदरावर परका करावयाची ही सुरुवात होती, आणि ती शब्दापासून झाली, एवढें नोंदवून पुढें जातों.

१९६० सालीं मराठी माणसाचें राज्य झालें. त्याच वर्षीं भाषा संचालनालय निघालें, १९६४ सालीं राजभाषेचा कायदा झाला, आणि आमच्या वडीलधाऱ्यांना वाटलें कीं आतां कचेरी आपल्याशीं आपल्या भाषेंत बोलेल. इंग्रजी गेली ही गोष्ट खरी. पण तिच्या जागीं जी आली ती आमची आई नव्हे, सावत्र आईही नव्हे. ती कोणी तिऱ्हाईतच आहे. कायद्याचें नांव अधिनियम, लायसनाचें नांव अनुज्ञप्ति, रेशनकार्डाचें नांव शिधापत्रिका, फायलीचें नांव नस्ती. अर्ज फायलींत पडून राहिला असें म्हटलें तर तो उद्यां बाहेर काढतां येईल अशी आशा तरी वाटते. 'नस्तीबद्ध करण्यांत आला' असें वाचलें कीं त्याला मूठमाती दिल्यासारखें वाटतें.

तरी शब्दांहून वाईट आहे ती त्या वाक्यांची घडण. मी मुलांना प्रयोग शिकवितों. एकदां मीं असल्याच एका नोटिशींतलें वाक्य फळ्यावर लिहिलें आणि 'ह्यांत कर्ता शोधा' असें सांगितलें. 'कळविण्यांत येतें', कोण कळवितो ? 'कारवाई करण्यांत येईल', कोण करील ? वर्ग गोंधळला. शेवटीं चौथींतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, कागद करतो." मीं तिला पैकीच्या पैकी गुण दिले. माणूस जेव्हां 'मी तुझे पैसे बंद करीन' असें म्हणतो तेव्हां त्याच्याशीं भांडतां येतें, हात जोडतां येतात, उलट विचारतां येतें. कागदाशीं कोण भांडणार ? म्हणून असला कागद घरांत आला कीं घरावर एक प्रकारची अवकळा येते. रागाला जागा सांपडत नाहीं आणि तो आंतल्या आंत कुजून त्याची भीति होते.

आतां मथळ्यांतल्या शब्दाकडे येतों. कोंकणांतल्या जमिनींचें बारसें ज्यांनीं केलें ते कोणी शास्त्री नव्हते. सखल जागीं भाताचे कुणगे, त्यांच्या कडेनें मेर, खाडीच्या बाजूला खाजण, घरामागें परडें, डोंगराच्या उताराला वरकस, आणि सगळ्यांच्या वर जांभ्या दगडाचा सडा. वरकस म्हणजे नाचणी, वरी, हरीक पिकविणारी हलकी जमीन. दोन-तीन वर्षें पीक घ्यावयाचें, मग कांहीं वर्षें पड ठेवावयाची, म्हणजे ती पुन्हां दम धरते. जुन्या सातबाऱ्यावर वरकसाचा रकाना असे. मोजणीवाल्या साहेबालाही हा शब्द टाळतां आला नाहीं. आमच्या बोलींत 'पड' म्हणजे विसावा. माणूस निजला म्हणून तो मेला असें कोणी म्हणत नाहीं. पण हाच शब्द कचेरीच्या हातीं गेला आणि त्याचा 'पडीक' झाला. पडीक म्हणजे टाकलेली, बिनकामाची, जिच्यावर कोणाचा जीव नाहीं अशी. सातबाऱ्यांत दुसराही एक शब्द आहे, 'पोटखराबा'. जणूं काय जमिनीच्याच पोटांत दुखतें आहे !

हा नुसता शब्दच्छल नव्हे. आमच्या नाट्याशेजारीं माडबन येथें जैतापूरचा अणुवीज प्रकल्प ठरला. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणें आणि वरलीवाडा मिळून सुमारें ९३८ हेक्टर जमीन १८९४ च्या इंग्रजी कायद्यानें घेतली गेली. अणुवीज चांगली कीं वाईट ह्याचा निकाल मी येथें लावीत नाहीं, तो माझा विषय नाहीं. माझा विषय असा कीं, ही जमीन बहुतेक ओसाड आणि पडीक आहे, असें व्यासपीठांवरून आणि छापील कागदांतून इतक्या वेळां म्हटलें गेलें कीं आमच्याच कांहीं लोकांना तें खरें वाटूं लागलें. त्या सड्यावर जून ते सप्टेंबर गुरें चरतात. पहिल्या पावसांत बायका टाकळा आणि फोडशी खुडून आणतात. श्रावणांत सीतेची आसवें फुलतात तेव्हां कातळ निळा दिसतो. पावसाळा सरल्यावर गवत कापून त्याच्या पेंढ्या बांधतात. ज्यांनीं कर्ज काढून कातळांत सुरुंग लावले, बाहेरून माती आणून खड्डे भरले आणि हापुसाचीं कलमें जगविलीं, त्यांच्या बापजाद्यांचा घाम त्या दगडांत जिरला आहे. ह्या सगळ्याला एक शब्द 'पडीक' ! ज्याची वस्तु घ्यावयाची आहे त्याला आधीं ती टाकाऊ आहे असें पटवावयाचें, ही सावकाराची जुनीच रीत आहे. भाव मागाहून पडतो, मालकाचें मन आधीं पडतें.

आणि सडा खरोखर किती पडीक आहे तें पाहावयाचें असेल तर आमच्याच राजापूर तालुक्यांत कशेळीला जावें. तेथें कातळावर प्रचंड हत्ती कोरलेला आहे. बारसू आणि देवाचें गोठणें येथें अशींच कातळशिल्पें आहेत. कोंकणांतलीं हीं शिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत गेलीं. ज्या काळीं कोणाला अक्षर माहीत नव्हतें त्या काळीं ह्या 'ओसाड' जागेवर बसून माणसानें हत्ती कोरला. पुढच्याच सालीं बारसूच्या सड्यावर तेलाच्या कारखान्यासाठीं मातीची तपासणी सुरू झाली, आणि तोच 'पडीक' शब्द पुन्हां आमच्या कानावर आदळूं लागला.

जमीन गेली कीं माणसाला नवें नांव मिळतें, 'प्रकल्पग्रस्त'. १९९९ च्या पुनर्वसनाच्या कायद्याच्या नांवांतच तें आहे. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. ग्रहणांत चंद्राला राहु ग्रासतो तसा. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसा प्रकल्पग्रस्त. म्हणजे प्रकल्प ही आपत्ति आहे एवढें तर शब्द घडविणारानें कबूल केलें ! पण पूर कोणी आणीत नाहीं, तो येतो. प्रकल्प माणसें आणतात. दोघांनाही एकाच साच्यांत घातलें कीं आणणारा नाहींसा होतो. आमचीं तरुण पोरें आज 'प्रकल्पग्रस्ताचा दाखला' मिळविण्यासाठीं तालुक्याला खेटे घालतात, कारण त्यावर सरकारी नोकरींत राखीव जागा आहेत. त्यांना मी दोष देत नाहीं. पण जो मुलगा वीस वर्षांचा असतांना आपण कोण ह्याचें उत्तर 'ग्रासलेला' असें द्यावयास शिकतो, त्याच्या पाठीचा कणा ताठ राहावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी ?

१८ एप्रिल २०११ रोजीं आमच्या नाटे गांवीं पोलीस ठाण्यापाशीं गोळीबार झाला आणि साखरीनाट्याचा एक तरुण मच्छिमार मेला. त्या दिवसाविषयीं लिहितांना माझा हात अजून जड होतो, म्हणून थोडक्यांत लिहितों. असल्या प्रसंगीं वर्तमानपत्रांतल्या वाक्यांची रचना कशी असते तें मुलांनीं नव्हे, मोठ्यांनीं तपासावें. 'जमावानें दगडफेक केली' ह्या वाक्यांत कर्ता ठसठशीत उभा आहे. 'गोळीबार करावा लागला' ह्या वाक्यांत कर्ता नाहीं. दगडाला हात आहे, बंदुकीला हात नाहीं. लाठी चालली तर ती 'सौम्य' असते. सौम्य लाठी कशी लागते तें ज्याच्या पाठीवर पडली त्याला कोणी विचारीत नाहीं. जॉर्ज ऑर्वेल नांवाच्या इंग्रज लेखकानें १९४६ सालीं राजकारण आणि भाषा ह्यांच्यावर निबंध लिहून हेंच दाखविलें होतें कीं, खेडीं जाळलीं तरी कागदावर त्याला शांतता प्रस्थापित केली असें म्हणतात. इंग्रज गेला, त्याची ही विद्या मात्र आम्हीं ठेवून घेतली.

देशावरच्या बांधवांची गोष्ट ह्याहून वेगळी नाहीं. तिकडे पाऊस पडत नव्हता, विहिरी आटल्या, जनावरें विकलीं गेलीं, आणि सरकारी कागदांत मात्र 'दुष्काळसदृश परिस्थिति' होती. सदृश ! उपाशी माणूस उपाशीसदृश असतो काय ? अखेर प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलें, आणि २०१६ च्या मे महिन्यांत सरकारला असा खुलासा काढावा लागला कीं जेथें जेथें दुष्काळसदृश लिहिलें आहे तेथें तेथें दुष्काळ असें वाचावें. एकोणतीस हजारांवर गांवांत एका रात्रींत दुष्काळ पडला, आणि तोही वाचण्याच्या नव्या रीतीनें !

आतां दुसऱ्या जातीच्या शब्दांकडे वळतों, आणि येथें मला माझाच गुन्हा सांगावयाचा आहे. मी ट्रेनिंग कॉलेजांत असतां पाठ घेण्याची पाळी आली. विषय भातशेती. मीं वर्गाला विचारलें, "तरवा केव्हां काढतात ?" पोरांचे हात भराभर वर गेले, कारण प्रत्येकानें पावसांत इरलें घेऊन तरवा काढलेला होता. मागें बसलेल्या तपासनिसांनीं माझ्या टाचणवहींत लाल शाईनें लिहिलें, 'ग्राम्य शब्द टाळावा. भाताचीं रोपें म्हणावें.' मीं तें मुकाट्यानें गिळलें. वाईट त्याचें नाहीं. वाईट हें कीं पुढें पांच-सहा वर्षें मीं स्वतः तीच लाल शाई वापरली. 'मेर' लिहिणाऱ्याला 'बांध' लिहावयास लावलें, 'इरलें' लिहिणाऱ्याला 'छत्री' नव्हे तर काय म्हणून दटावलें. एक हुशार पोर होतें, तें वर्गांत बोलेनासें झालें. त्याच्या बापानें मला विचारलें, "घरीं तर तोंड मिटत नाहीं, शाळेंत काय होतंय ह्याला ?" त्या दिवशीं माझे डोळे उघडले. मीं त्याचे शब्द खोडले असें मला वाटत होतें. खोडला होता तो मुलगा.

आणि पुस्तकांत आमचे शब्द बसतच नाहींत असें थोडेंच आहे ! भूगोलाच्या पुस्तकांत 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' छापलेले असतात. दिवसा दर्यावरून येणारा तो खारा, रात्रीं जमिनीवरून सुटणारा तो मतलई. हे शब्द कोणा प्रोफेसरानें घडविलेले नाहींत, ते होडीवाल्यांचे आहेत. तो धडा आला कीं आमच्या बंदरावरचीं पोरें बांकावर सरसावून बसतात आणि घाटावरच्या मुलांना जें पाठ करावें लागतें तें हीं मास्तरालाच समजावून सांगतात. एका शब्दानें वर्गाची हवा पालटते. मग 'भांग' आणि 'उधाण' कां नको ? भांगाची भरती म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती आणि उधाण म्हणजे पुनव-अंवसेची मोठी, हें ज्याला नाकावर माहीत आहे त्याच्या तोंडांत आम्ही दुसरे शब्द कोंबतों आणि तो चुकला कीं त्याला ढ म्हणतों.

मनाचे शब्द तर ह्याहून वेगानें चालले आहेत. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस वादळी हवा होती. सहावींतला एक मुलगा मान खालीं घालून बसला होता. विचारलें तर म्हणे, "टेन्शन आलंय." त्याचा बाप बोटीवर होता, बोट परतली नव्हती. त्याच दिवशीं कंपासपेटी विसरलेल्या मुलीलाही टेन्शन आलें होतें, आणि गणिताचा पेपर जवळ आला म्हणून तिसऱ्यालाही टेन्शनच होतें. तिघांची दुखणीं तीन आणि पुडी एक ! मीं फळ्यावर शब्द लिहिले : धास्ती, धाकधूक, हुरहूर, रुखरुख, घालमेल, चुटपुट, हिरमोड, काहूर. प्रत्येकाचा अर्थ त्यांच्याच घरांतलीं उदाहरणें देऊन सांगितला. कोणी यावयाचें आहे आणि येत नाहीं, ती हुरहूर. करावयाचें राहून गेलें, ती रुखरुख. बोटवाल्याच्या मुलानें बराच वेळ फळा पाहिला आणि म्हणाला, "रात्रीं धाकधूक होती गुरुजी. सकाळीं बाबांचा फोन आला, बोट जयगडला लावलीय म्हणून. आतां हुरहूर आहे." एवढें बोलून त्यानें वही उघडली. अमेरिकेंतले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं प्रयोग करून दाखविलें कीं, भावनेला नेमका शब्द लावला कीं मेंदूंतली भीतीची खळबळ कमी होते. आमच्या आज्यांना हें यंत्रावांचून माहीत होतें. पोर घाबरलें कीं त्या आधीं 'काय होतंय, नीट सांग' असें विचारीत.

येथवर मीं पंडितांना आणि कचेरीला बोल लावला. आतां घरचा आहेर. कचेरींतल्या खुर्च्यांवर आज नुसते वरिष्ठ जातींचे लोक बसलेले नाहींत. आमचीं कुणब्यांचीं, भंडाऱ्यांचीं, मराठ्यांचीं, बौद्ध बांधवांचीं मुलें तेथें आहेत, आणि आमच्या बापानें कोयता गहाण टाकून शिकविलेला मुलगाच पहिल्या महिन्यापासून 'उपरोक्त' आणि 'तदनंतर' लिहूं लागतो. त्याला वाटतें, ही भाषा लिहिली कीं आपण त्यांच्यांतले झालों. ज्या काठीनें आपल्या आजोबांना हांकलें ती काठी हातांत आली ह्याचाच त्याला आनंद ! आमच्या लग्नपत्रिका पाहा. नवऱ्यामुलीच्या आईला वाचतां येत नाहीं असे शब्द तिच्याच नांवाखालीं छापलेले असतात.

आणि आमच्या बोलींतलें सगळेंच जपून ठेवण्यासारखें आहे असेंही नाहीं. जातीवरून हिणविणाऱ्या म्हणी आमच्या वाडींतही आहेत, आणि त्या बोलतांना आम्हांला लाज वाटत नाहीं. कित्येक पिढ्या कागदोपत्रीं ब्राह्मणाचा 'रामभाऊ' आणि महाराचा 'राम्या' लिहिला गेला. तें लिहिणारी लेखणी दुसऱ्याची असेल, पण तशी हांक मारणारें तोंड आमचेंही होतें. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय केला. चांगलें केलें. पाटी बदलली म्हणून जात जात नाहीं हें खरें. पण दप्तरावर पत्ता लिहितांना ज्या मुलीचा हात दररोज अडखळत होता, तो आतां अडखळत नाहीं. हेंही शब्दाचेंच काम आहे. जें सरकार एका निर्णयानें एवढें करूं शकतें तें निराधार बाईला निराळें नांव शोधूं शकत नाहीं, असें मला कोणीं सांगूं नये.

आमच्या शाळेंत आतां दर शनिवारीं एक काम चालतें. गांवांत आलेला कोणताही सरकारी कागद मुलें फळ्यावर घेतात, त्यांतला हरवलेला कर्ता शोधतात, आणि तोच मजकूर आपल्या आजीला कळेल असा पुन्हां लिहितात. पांच ओळींचा बहुधा एका ओळींत बसतो. दुसऱ्या वहींत आजीचे शब्द गोळा होतात. त्यांत 'वरकस'ही आहे, आणि त्याच्यापुढें एका मुलानें लिहिलें आहे, 'आमची आहे.' ही वही ग्रामसभेपुढें ठेवावी आणि गांवांत येणाऱ्या प्रत्येक नोटिशीबरोबर तिचें सोपें मराठी चावडीवर लावावें असा ठराव करून घ्यावा, अशी माझी खटपट आहे. सदस्यांपैकीं दोघे अनुकूल आहेत. तिसरे म्हणतात कीं त्यासाठीं आधीं वरून 'परिपत्रक निर्गमित' व्हावें लागेल.

त्या बाईचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. त्याच दिवशीं ओट्यावर बसून तिनें मला उत्तर सांगितलें आणि मीं तें तसेंच उतरून घेतलें : "मी जिवंत आहे. मला दोन लेकी आहेत आणि शेजारीण आहे. पैसे चालू ठेवावे." खालीं डाव्या हाताचा अंगठा. दुसऱ्या दिवशीं एस.टी.नें ती तालुक्याला गेली. खिडकींतल्या माणसानें कागद उलटसुलट करून पाहिला, समोर उभ्या असलेल्या तिला पाहिलें, आणि हा विहित नमुन्यांत नाहीं म्हणून परत दिला.